चवथ झाली की येतो

आधीच सांगून टाकतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातला नाही. आमच्या डिचोलीत चार माणसं जमली आणि कुणी देवचाराचा विषय काढला, की मी पंख्याचा स्पीड वाढवून झोपून जाणारा माणूस. सरकारी नोकरी, सकाळची पणजीची बस, संध्याकाळी परतीची बस... यात भुताला शिरायला जागा कुठे? या सदरातले लोकांचे अनुभव वाचूनसुद्धा मी हसायचो. बायको म्हणायची, हसू नका. तेव्हा तिचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, पण बायकोचं ऐकायचं हे मला उशिराच सुचतं.

मग लिहितोय कशाला? कारण मनाला लागून राहिलंय. भीती नाही वाटत. वाईट वाटतं. आणि ते वर्षं गेली तरी कमी होत नाही.

गोवा राज्य झालं त्या वर्षीची गोष्ट. पावसाच्या तोंडावरचे दिवस होते. माझं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. नलिनी, म्हणजे माझी बायको, मूळची आजऱ्याकडची. तिचे वडील डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आले, म्हणून आमचं जमलं. इतकी वर्षं गोव्यात काढून तिने समुद्र बघितला होता तो फक्त गर्दीचा, आईस्क्रीमवाल्यांचा. “एक तरी जागा दाखवा जिथं आपण दोघंच असू,” असं तिचं टुमणं. मी नुकतीच एक सेकंडहँड स्कूटर घेतली होती. म्हटलं, चला, पेडण्याचा किनारा बघू. तिकडे तेव्हा कुणी जात नसे.

निघालो सकाळी. म्हापशाला थांबून पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, गरम उंडे पाव आणि भजी बांधून घेतली. शिवोलीला फेरीत स्कूटर चढवली, चोपड्याला उतरवली, आणि मग मोरजी, मांद्रे, हरमल करत पालयेच्याही पुढे. रस्ता म्हणजे नावाला. लाल धूळ, काजूची झाडं, मध्येच डाव्या हाताला समुद्र दिसायचा आणि परत लपायचा. नलिनी मागे बसून गाणं म्हणत होती, मी मुद्दाम खड्ड्यातून गाडी घालत होतो. इतके खूश आम्ही नंतर क्वचितच असू.

केरी यायच्या अलीकडे, जिथे सुरूची झाडं दाट होतात, तिथे स्कूटर बंद पडली. प्लग काढला, काजळी घासली, परत लावला. पण गाडी तापली होती, तिला जरा विसावा हवा होता. आम्हालाही तहान लागली होती. उन्हात डोकं भणभणत होतं. झाडांच्या मागे एक कौलारू घर दिसलं. एकटंच. मागे माड, पुढे वाळू, आणि वाळूच्या पलीकडे सरळ समुद्र.

सोप्यावर, म्हणजे घराच्या पुढच्या उघड्या ओसरीवर, एक म्हातारे आजोबा लाकडी कदेलीत बसले होते. कदेल म्हणजे खुर्ची, आमच्या आजीनं आयुष्यात खुर्ची हा शब्द वापरला नाही. अंगात बनियन, कमरेला पंचा, खांद्यावर टुवाल. आम्ही जवळ जायच्या आधीच त्यांनी विचारलं,

“कोणाचो रे तूं?”

मी नाव-गाव सांगितलं. ते उठले, आत गेले, आणि तांब्या, दोन कोप आणि वाटीत गूळ घेऊन आले. पाणी इतकं गार होतं की दात शिवशिवले. नलिनीने दोन कोप रिकामे केले आणि तिसरा मागितला. आजोबा हसले.

बोलता बोलता त्यांनी विचारलं, “राज्य जालें म्हणटात, तें खरें?”

झालं. मला विषयच मिळाला. ऑफिसात तेव्हा दिवसभर हेच चालायचं, कोकणी की मराठी, कोण खरा गोंयकार, कुणी कुणाला विकलं. मी मराठीच्या बाजूचा. मी आजोबांना अर्धा तास भाषण दिलं आणि तेही आमच्या डिचोलीच्या कोकणीत, म्हणून नलिनीने मला कोपराने ढोसलं. आजोबा शांतपणे ऐकत होते. माझं भाषण शेवटपर्यंत ऐकणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस.

एक गोष्ट तेव्हा दिसली होती, ती सांगतो. त्यांचे तळवे. किनाऱ्यावर राहणारा माणूस, पाय कसे असायला हवेत? भेगा, वाळू, चिखल. यांचे तळवे तान्ह्या मुलासारखे मऊ आणि पांढरे होते. मला वाटलं, म्हातारपणी होत असतील. पुढे विचार केला नाही.

ऊन उतरलं. मी उठलो. चपला घातल्या आणि आपण सगळेच म्हणतो तसं म्हणालो, “येतो हं, आजोबा.”

आता यात काय आहे? कोकणी आणि मराठीवरून आम्ही डोकी फोडायला उठलो होतो, पण दारातून निघताना दोन्हीकडची माणसं एकच म्हणतात. येतां. येतो. ‘जातो’ कुणी म्हणत नाही. लहानपणी मी एकदा ‘जातो’ म्हणालो होतो तर आईने तोंडावर मारलं होतं. जातात ते मेलेले. जिवंत माणूस येतो. आणि घरातल्याने ‘या’ म्हणायचं, की संपलं. त्या येतोचा अर्थ येतो असा कुणीच धरत नाही.

आजोबांनी ‘या’ म्हटलं नाही. ते म्हणाले, “केन्ना?”

म्हणजे, कधी?

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला असं विचारलं. मी गडबडलो. मग हसून म्हटलं, “चवथ झाली की येतो.”

“वाट पळयतां हांव,” ते म्हणाले. वाट बघतो.

स्कूटर पहिल्याच किकला सुरू झाली.

घरी आलो आणि विसरलो. खरं म्हणजे मी विसरलो, नलिनी नव्हती विसरली. चवथीला, म्हणजे गणपतीत, तिने नेवऱ्या, आपल्या करंज्या, तळताना आठवण केली, “त्या आजोबांना येतो म्हणालायसा. चार नेवऱ्या घेऊन जाऊन येऊ की.” मी म्हटलं, बघू. मग पाऊस होता. मग दसरा होता. दिवाळीत तिच्या माहेरी जायचं होतं. मी असा माणूस आहे की ‘बघू’ म्हटलं म्हणजे ते बघून झालं.

चवथ झाल्यावर एक नवीन चाळा सुरू झाला होता. सकाळी मी दारात चपला घालून “येतो गं” म्हणालो, की आतून आवाज यायचा, “केन्ना?” बारीक आवाज. मला वाटायचं, नलिनी कोकणी शिकतेय आणि माझी फिरकी घेतेय. मीही मस्करीत सांगायचो, संध्याकाळच्या बसने. रोज हेच. हळूहळू मस्करीचा कंटाळा आला. शिमग्याच्या आसपास एकदा बस चुकायला आली होती, मी “येतो” म्हणालो, परत आतून “केन्ना?” आणि माझं टाळकं फिरलं.

“रोज काय गं ते केन्ना केन्ना? पुरे झालं आता!”

नलिनी मोरीतून बाहेर आली, हाताला साबण. “कोण म्हणतंय?”

“तूच की.”

“मी?” ती माझ्याकडे बघतच राहिली. “मी कवा म्हणते. लईच झालं तर कधी म्हणते. केन्ना म्हणायला मी काय गोव्याची हाय होय?”

बस गेली. मी उंबऱ्यावर बसून राहिलो. दोघांनाही एकदमच आठवलं. शेवटी तीच म्हणाली, “अहो, चवथ कवाच होऊन गेली.”

त्याच रविवारी आम्ही निघालो. या वेळी गाणं नव्हतं. नलिनीने तिळाचे लाडू केले होते, ते मांडीवर धरून बसली होती. मी मनाला समजावत होतो की म्हातारा माणूस आहे, विसरूनही गेला असेल, उगाच आपण घाबरतोय.

घर सापडलं. सोप्यावर ती कदेल होती, पण तिच्यावर सुकवायची मिरची पसरली होती. आतून एक बाई आली. पन्नाशीची असेल. कपाळाला कुंकू, डोळे खोल गेलेले, हात पाण्याने पांढरे पडलेले. ती आजोबांची सून, पार्वतीवयनी. मी सांगितलं, गेल्या वर्षी मे महिन्यात इथे आलो होतो, आजोबांनी पाणी दिलं, पुन्हा येतो म्हणून सांगितलं होतं, ते आहेत ना?

ती भिंतीला धरून खाली बसली. मग म्हणाली, “मांवान उदक दिलें? मे म्हयन्यान?”

मांव म्हणजे सासरे. तिने आम्हाला आत नेलं.

आतल्या खोलीत जनेलाशी, खिडकीपाशी, खाटेवर आजोबा पडले होते. तेच. पण नुसती हाडं. तोंड एका बाजूला ओढलेलं. खोलीत औषधाचा आणि सडल्याचा वास होता. वयनीने सांगितलं ते मी थोडक्यात सांगतो. अर्धांगाचा झटका येऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती. उठूंक जायना, उलोवंक जायना... उठणं नाही की बोलणं नाही. आम्ही आलो त्या दिवशीही ते याच खाटेवर होते. ती दुपारी मागच्या मळ्यात गेली होती. परत आली तर सोप्यावर तांब्या, दोन कोप आणि गुळाची वाटी. तिला वाटलं शेजारीण येऊन गेली, म्हणून तिच्याशी भांडलीसुद्धा. आणि त्याच संध्याकाळी इतक्या वर्षांनी सासरे बोलले.

“पावणो येतलो,” म्हणाले. पाहुणा येणार. “चवथ जातकच.” चवथ झाली की.

त्यानंतर रोज दिवेलागणीला विचारायचे, “आयलो?” आला? चवथ झाली. डॉक्टर म्हणाला, आता काही राहिलं नाही, घरच्यांना बोलावून घ्या. बोलावलं. तोंडात तुळशीचं पाणी घातलं. पण जीव जाईना. पाठीला जखमा झाल्या, गिळता येईना, रात्रभर कण्हायचे. आणि दिवेलागणीला डोळे उघडून एकच... आयलो? देवाला कौल लावला, तर कौलाने सांगितलं, याला कोणीतरी उतर दिलंय. उतर म्हणजे शब्द, वचन. घरच्यांनी गाव पालथा घातला, पण कुणाचा शब्द ते कळेना.

“आमकां कशें कळचें, डिचोलेंत कोण आसा तें,” वयनी म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

नलिनी रडायला लागली. मी विचारलं, माझाच शब्द का? माझा त्यांच्याशी संबंध काय? तेव्हा वयनीने दाराकडे बघत सांगितलं. तिचा नवरा तारवार गेला होता, म्हणजे बोटीवर नोकरीला. निघताना बापाला म्हणाला, येतां. बाप म्हणाला, यो. रीतीप्रमाणेच. तो परत आलाच नाही. पत्र नाही, निरोप नाही. म्हाताऱ्याच्या मनाने एकच घेतलं, की आपण केन्ना म्हणून विचारलं नाही, म्हणून तो आला नाही.

मी खाटेजवळ बसलो. आजोबांनी डोळे उघडले.

“आयलो?”

“आयलों, आजोबा,” मी म्हटलं. “उशीर झाला. चुकलं माझं.”

त्यांनी माझा हात धरला. धरला म्हणजे बोटं माझ्या बोटांवर ठेवली, जोर नव्हता. डोळ्याच्या कडेने पाणी आलं. तोंडाची बरी बाजू हलली, ते हसत होते. नलिनीने कुलेरीने, म्हणजे चमच्याने, पेज भरवली आणि त्यांनी ती गिळली. वयनी म्हणाली, आज कितीतरी दिवसांनी गिळतायत. मी बोलत बसलो. काय बोलणार? पुन्हा तेच, राज्य, भाषा, ऑफिस. तेही पुन्हा तसेच ऐकत होते. मला तेव्हा किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. वाटलं, झालं, आपण आलो, सगळं ठीक झालं. आता दर रविवारी येऊ.

ऊन उतरल्यावर मी उठलो. वयनीने मला दारापाशी अडवलं. हळू आवाजात म्हणाली, “एक उपकार करा. वचतना येतां म्हणूं नाकात.” जाताना येतो म्हणू नका.

“मग काय म्हणू?”

तिने नुसतं खाटेकडे बघितलं. बोलायची गरजही नव्हती.

मला तिचा राग आला, खरं सांगतो. म्हटलं, ही बाई कंटाळली आहे, म्हणून माझ्या तोंडून म्हाताऱ्याला मारायला निघालीय. मी काही तरी टोचून बोलणारही होतो. मग तिचे हात दिसले. रोज चादरी धुऊन, कूस बदलून, जखमा पुसून झालेले हात. आणि तिने कपाळावर रोज लावलेलं ते कुंकू, ज्याच्या नावाने लावायचं तो कुठे आहे हे माहीत नसताना. मी पाहिलं ते नऊ-दहा महिन्यांचं माझं देणं नव्हतं काय? मी मजेत स्कूटर फिरवत होतो, तेव्हा हा माणूस माझ्या एका शब्दाला लटकून सडत होता.

परत आत गेलो. खाटेशी उभा राहिलो. तोंडावर आईची ती चापट आठवत होती. नलिनीने मागून माझा शर्ट घट्ट धरला होता.

“आजोबा,” मी म्हटलं, “मी जातो.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग अगदी स्पष्ट, त्या दिवशी सोप्यावर बोलले होते त्याच आवाजात म्हणाले, “वच.”

जा.

आम्ही बाहेर आलो. सुरूच्या झाडांपर्यंत पोचलो, मी किक मारायला पाय ठेवला, तेवढ्यात मागून वयनीचा आवाज आला. रडणं नव्हतं. तिने नुसती हाक मारली, “पावण्यांनो... परत येयात.”

परत या.

सगळं उरकेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. वयनीने नंतर माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला, मी पडू दिलं नाही. सगळे म्हणतात, तू त्यांना सोडवलंस. भटजी म्हणाले, नलिनी म्हणते, माझे मित्र म्हणतात. असेलही. पण त्या दुपारी ते हसत होते हो. पेज गिळत होते. त्यांना जायचं होतं की नाही, हे कुणी विचारलं? ते माझ्याकडून ‘येतो’ ऐकायला थांबले होते आणि मी त्यांना ‘जातो’ दिलं. आधी एका शब्दाने ताटकळत ठेवलं, मग दुसऱ्या शब्दाने ढकललं. दोन्ही शब्द माझेच.

मे महिन्यातल्या त्या दुपारी सोप्यावर आम्हाला पाणी कुणी दिलं, हे मला आजही कळलेलं नाही. उन्हाने डोकं फिरलं असेल म्हणावं, तर दोघांचं एकदम कसं फिरेल? आणि ते कोप वयनीला सोप्यावर कसे सापडले असते? दारातला तो ‘केन्ना’ त्या दिवसानंतर परत कधी ऐकू आला नाही. पण मीही निघताना काही म्हणणं सोडून दिलं. नुसत्या चपला घालतो आणि बाहेर पडतो. नलिनी आतून आपली आपणच म्हणते, “या.”

एवढंच असतं तर कदाचित लिहिलं नसतं. आमची मुलगी यंदा पुण्याला शिकायला गेली. म्हापशाच्या स्टँडवर तिला बसमध्ये बसवलं. बॅग वर टाकली, पाण्याची बाटली दिली. खिडकीतून हात काढून ती म्हणाली, “येते हं, बाबा.”

मला ‘ये’ म्हणायचं होतं. देवाशपथ, तेवढंच म्हणायचं होतं.

“केन्ना?” मी म्हणालो.

आवाज माझा होता की नाही ते मला सांगता येणार नाही. नलिनीने माझा दंड धरला. पोरगी हसली, तिला यातलं काहीच माहीत नाही, आम्ही कधी सांगितलंच नाही. बस हलली तशी ती ओरडून म्हणाली, “चवथीला!”

तेव्हापासून मी संध्याकाळी ओसरीवर खुर्ची टाकून बसतो. चवथ अजून लांब आहे.